फोटोत डोंगर बारका का दिसतो?

“काका, डोंगर केवढा होता आणि फोटोत बघा केवढासा आलाय!”

हे वाक्य माझ्या दुकानात आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. प्रिंट काढायला आलेल्या पोरानं मोबाईल पुढे करायच्या आधीच मला फोटो ठाऊक असतो. वरची अर्धी चौकट पांढरंफटक आभाळ, खालची अर्धी हिरवी नाहीतर तपकिरी जमीन आणि मधे चिमटीत मावेल एवढा डोंगर. कधी तो आंबोलीचा असतो, कधी चित्री धरणामागचा, कधी चाळोबाचा. फोटोत सगळे सारखेच. पोरगं हिरमुसतं आणि म्हणतं, आता चांगला कॅमेराच घ्यायला पाहिजे.

एवढ्यात घेऊ नका. तुमच्या खिशातल्या मोबाईलवर अजून बरंच काम व्हायचंय.

मी काही नावाजलेला निसर्ग-फोटोग्राफर नव्हे. लग्नं, बारशी आणि पासपोर्ट साईजवर पोट भरलेला आजऱ्याच्या बाजारातला माणूस. पण लग्नसराई संपली की डोंगराकडं बघत बसायची खोड फार जुनी. रोलच्या जमान्यात एकदा ३६ फोटोंचा अख्खा रोल आंबोलीत एका दुपारी संपवला होता, एप्रिल महिन्यात, दीड ते तीनच्या दरम्यान. धुऊन आला तेव्हा ३६ च्या ३६ फोटोंत डोंगर पाण्यात विरघळल्यासारखे. त्या वेळी रोलचे आणि धुलाईचे पैसे अंगाला लागायचे, म्हणून धडाही लागला. तो आणि त्यानंतरचे थोडे इथं सांगतो, आणि शेवटी तुमच्याकडं एक मागणं आहे.

आधी डोंगर बारका का होतो ते. मोबाईलची मुख्य लेन्स मुद्दाम रुंद नजरेची केलेली असते, जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबात २४-२६ मिलिमीटरच्या आसपास. लग्नात अख्खा मांडव एका फोटोत बसवायला आम्ही असलीच लेन्स लावायचो. ती जवळचं मोठं करते आणि लांबचं आणखी लांब ढकलते. त्यात पोरं ‘सगळंच येऊ दे’ म्हणून ०.५ चं बटण दाबतात. सगळं येतं खरं, पण डोंगराचा वळ तेवढा उरतो. डोळ्याचं तसं नसतं. डोळा समोरच्या शंभर गोष्टींतून डोंगर उचलतो आणि बाकीच्या नव्व्याण्णव टाकून देतो. कॅमेरा काहीच टाकत नाही, ते काम आपल्याला करावं लागतं.

म्हणून उलटं करून बघा. डोंगराच्या पायथ्याशी जाऊन रुंद फोटो काढण्यापेक्षा दोन-तीन किलोमीटर मागं या आणि मोबाईलला दोनपट-तीनपटीची खरी वेगळी लेन्स असेल तर ती लावा. बोटांनी ताणून केलेला दहापट झूम नको, त्यात नुसती चटणी होते. लांबून बघितलं की एकामागची एक रांग जवळ येऊन उभी राहते. पुढची गडद, मागची निळसर, त्यामागची राखाडी. मधल्या हवेचं हे काम आहे, जितकी हवा जास्त तितका डोंगर फिकट. पाच रांगा अशा एकावर एक आल्या की फोटोत खोली येते आणि मग तुम्हाला कुणी ‘कुठला कॅमेरा?’ असं विचारायला लागतं.

इथं एक गोष्ट बोलायलाच हवी. आपण कॅलेंडरावर हिमालय बघून वाढलो. त्यामुळं डोंगर म्हटलं की टोक शोधतो, त्रिकोण शोधतो. आपला सह्याद्री टोकाचा डोंगर नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले, त्यांचा हा रचलेला ढीग आहे. माथा सपाट, वर जांभ्याचा सडा, बाजूला आडव्या पायऱ्या. शिवाय आजऱ्याहून आंबोलीकडं जाताना आपण डोंगर चढून जातोय असं वाटतच नाही, कारण आपण आधीच वर असतो. मग एकदम पायाखालची जमीन संपते आणि कोकण खाली दिसतं. म्हणजे आपल्याकडचा मोठेपणा वर बघून कळत नाही, खाली बघून कळतो. तेव्हा चौकटीत आभाळ कमी घ्या, क्षितिज वर सरकवा, दरीला जागा द्या. रेघा आडव्या आहेत, तर मोबाईलही बऱ्याचदा आडवाच धरा. स्टेटसला उभा फोटो लागतो म्हणून डोंगराला उभं कापू नका.

आता उजेड. खरा सगळा खेळ त्याचाच आहे.

परदेशी पुस्तकांत, आणि त्यांची री ओढणाऱ्या व्हिडिओंत, सांगतात की सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा एक तास सोन्याचा. आजऱ्याला हा तास एवढा लांब नसतो. आपण १६ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. इथं सूर्य तिरपा रेंगाळत नाही, जवळजवळ सरळ खाली उतरतो. क्षितिजापासून सहा अंशांवर आल्यापासून बुडेपर्यंत त्याला २५ ते ३० मिनिटं लागतात, आणि पश्चिमेला डोंगर आडवा असेल तर त्यातली निम्मी डोंगर खातो. लंडनमध्ये डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य जेमतेम १५ अंश वर असतो, म्हणजे तिथं दिवसभरच कलतं ऊन. त्याच दिवशी आपल्या डोक्यावर तो ५० अंशांवर तळपत असतो. तिकडचा सल्ला इकडं जसाच्या तसा कसा चालेल?

सूर्य मावळायला किती वेळ आहे हे बोटांनी मोजायची युक्ती पुष्कळांना माहीत असते. हात लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यामधे बोटं आडवी धरायची, एका बोटाला १५ मिनिटं. मीही तीच शिकलो होतो आणि दोनदा फसलो. आपल्याकडं एका बोटाला आठ मिनिटंच धरा. चार बोटं राहिली म्हणजे जेमतेम अर्धा तास. चहाला थांबू नका.

मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात साडेबाराच्या सुमारास सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळेची पोरं हल्ली हे करून बघतात. फोटोवाल्यानंही बघावं. सावली गेली की डोंगराच्या घड्या, वळ्या, खाचा सगळं पुसलं जातं. डोंगराला आकार देते ती सावली. ऊन कडेनं आलं की एकेक सोंड दुसरीवर सावली टाकते आणि डोंगर उठून दिसतो. ऊन तुमच्या पाठीमागून सरळ समोर पडलं तर सगळं स्पष्ट दिसेल, पण पासपोर्ट साईज फोटोसारखं सपाट.

आणि कडा कुठल्या दिशेला तोंड करून उभा आहे ते बघा. आंबोलीच्या बाजूचे घाटकडे बहुतेक पश्चिमेकडं, कोकणाकडं बघतात. सकाळी सूर्य त्यांच्या मागं असतो, कड्याचं तोंड सावलीत. सकाळी दहाला गाडी थांबवून कड्याचा फोटो काढणाऱ्याला काळा पडदा मिळतो. सकाळी लवकर गेलात तर कडा सोडा, खाली बघा. अख्ख्या सह्याद्रीची सावली कोकणावर पडलेली असते आणि सूर्य चढेल तशी ती चादर ओढल्यासारखी मागं येते. कड्याला ऊन लागतं ते दुपारनंतर. अमेरिकेतल्या अॅन्सेल अॅडम्सचा हाफ डोम नावाच्या कड्याचा जगप्रसिद्ध फोटो आहे, १९२७ च्या एप्रिलमधला. तो कडाही वायव्येकडं तोंड करून आहे. अॅडम्स सकाळपासून बर्फातून चढून गेला आणि ऊन कड्यावर यायची वाट बघत बसला. ते आलं दुपारी. तोवर हाताशी फोटो उमटवायच्या दोनच काचा उरल्या होत्या. एक पिवळ्या फिल्टरनं काढली, मनासारखी होणार नाही असं वाटलं, म्हणून शेवटची लाल फिल्टरनं काढली. त्यानं आभाळ काळं झालं आणि कडा उजळ उठला. मोबाईलमध्ये आपण एका मिनिटात चाळीस फोटो काढतो. काचा दोनच आहेत असं समजून कधीतरी काढून बघा.

फोटोची पुस्तकं ‘गोल्डन अवर’, ‘ब्लू अवर’ असे दोनच शब्द देतात. आपल्या आईआज्जीकडं किती होते बघा. झुंजुमुंजू, तांबडं फुटणं, कोवळं ऊन, उन्हं वर येणं, टळटळीत दुपार, उन्हं कलणं, उतरतं ऊन, तिन्हीसांज, कातरवेळ, दिवेलागण. पावसाळ्यात आणखी, मळभ, झड, उघडीप, ऊनपाऊस. प्रत्येक शब्दाला वेगळा उजेड आहे आणि वेगळा फोटो. (सूर्यपुत्र कर्णावर ‘मृत्युंजय’ लिहिणारे शिवाजी सावंत आजऱ्याचेच. इथल्या उन्हाचा आणि त्या पुस्तकाचा काही संबंध जोडावा असं मला फार वाटतं, पण पुरावा नाही.)

यातला माझा लाडका शब्द उघडीप. लोक पावसाळ्यात फोटो काढायला घाबरतात आणि ऑक्टोबरची वाट बघतात. मला तर उलट वाटतं. आठ दिवसांच्या झडीनंतर ढग फाटतात, एका शेतावर कवडसा पडतो, बाकी सगळं काळंशार. तो कवडसा डोंगरावरून चालत जातो. दोन मिनिटं, फार तर पाच. त्या वेळी बोटानं पडद्यावर उजळ जागेवर दाबून धरा, उजेडाचं चिन्ह येईल, ते खाली ओढा. फोटो गडद होईल, होऊ दे. मोबाईलला वाटतं सावलीतलंही सगळं दिसायला पाहिजे, म्हणून तो सगळंच फिकट करतो. लेन्स आधी पुसून घ्या, ओल्या खिशातून काढलेल्या मोबाईलवर वाफ धरलेली असते आणि घरी आल्यावर लोक धुकं सुंदर आलंय म्हणून दाखवतात.

इंद्रधनुष्याचंही गणित आहे. ते नेहमी सूर्याच्या समोरच्या बाजूला असतं आणि सूर्य ४२ अंशांपेक्षा वर असला की सपाटीवरून दिसत नाही. ऑगस्टात आपल्याकडं सकाळी साधारण सव्वानऊपर्यंत किंवा दुपारी चारनंतरच ते दिसू शकतं. तेव्हा श्रावणात चारनंतर ऊनपाऊस सुरू झाला की सूर्याकडं पाठ करा आणि पूर्वेकडं बघत राहा.

हिवाळा सोपा आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, हिरण्यकेशी नदीच्या काठानं धुकं साचलेलं असतं. उगवत्या सूर्याकडं तोंड केलं तर ते धुकं आतून पेटल्यासारखं दिसतं. फेब्रुवारीनंतर मात्र धूळ, उसाच्या पाचटाचा आणि वणव्यांचा धूर, मागच्या रांगा एकेक करून गायब. तेव्हा लांबचा नाद सोडा आणि जवळचं बघा, मोहरलेली काजू बघा. आणि वळवाची वाट बघा. एक दणदणीत वळीव पडला की हवा धुतली जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जे डोंगर दिसतात तसे उन्हाळ्यात पुन्हा दिसत नाहीत. माझ्याकडचे चांगले पाच-सहा फोटो वळवाच्या दुसऱ्या दिवशीचे आहेत.

आता चौकटीत काय ठेवायचं. नियम सांगत नाही, एक सकाळ सांगतो.

घनसाळ भात कापणीला आलं होतं. आजरा घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे सगळ्यांना माहीत आहे. फोटोवाल्याला त्याचा उपयोग वेगळाच, भात उंच असतं. मी बांधावर उभा राहून पहिला फोटो काढला. पिवळं शेत, मागं डोंगर, क्षितिज बरोबर मधोमध, उजवीकडं विजेचा खांब. काहीच चूक नाही आणि बघावंसंही काही नाही. मग उकिडवा बसलो. लगेच शेत खाली गेलं आणि पुढच्या चार लोंब्या डोंगराएवढ्या झाल्या. पण एका लोंबीचं टोक बरोबर डोंगराच्या कडेला चिकटलेलं, जणू डोंगराला शेंडी. वीतभर डावीकडं सरकलो, टोक आणि डोंगर यांत आभाळाची फट आली. आणखी तीन पावलं डावीकडं गेलो, खांब एका सागामागं गेला. बांध पायाशी सुरू होऊन वळत डोंगराकडं जात होता, तो कोपऱ्यातून आत घेतला. ऊन डावीकडून येत होतं, लोंबीच्या कुसावर एकेक केस दिसत होता.

तेवढ्यात शेताचे मालक आले. विळा खांद्यावर.

“काय काढाय लागलाय हो?”

“डोंगराचा फोटो, मामा.”

“आणि एवढं दबकून? त्यो काय पळून चाललाय व्हय?”

मी म्हटलं, डोंगर नाही, ऊन चाललंय. ते हसले आणि कापणीला लागले. मी विचारलं, तुम्ही फोटोत आलात तर चालेल का? म्हणाले, काम करू दे म्हंजे झालं. ते पाठमोरे, वाकलेले, शेताच्या मध्यावर. फोटोत ते बोटाच्या पेरापेक्षाही लहान आहेत. पण ते आल्याबरोबर डोंगर मोठा झाला. माणूस केवढा असतो हे आपल्याला माहीत असतं, त्यावरून डोळा डोंगर मोजतो. फोटोत डोंगर बारका दिसतो म्हणणाऱ्यांना मी आता हाच फोटो दाखवतो. लेन्स तीच, मोबाईलचीच.

एकाच जागेच्या मागं लागण्याची परंपरा आपल्या कोल्हापूरला आहेच. चित्रकार आबालाल रहिमान, १९३१ साली गेले, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले, शाहू महाराजांच्या दरबाराचे चित्रकार. मनात आणलं असतं तर कुठंही जाऊन रंगवता आलं असतं. ते कोल्हापुरातच राहिले आणि कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा हीच ठिकाणं वेगवेगळ्या वेळच्या उजेडात रंगवत राहिले. कोल्हापूरला गेलात तर त्यांची चित्रं कुठं बघायला मिळतायत का चौकशी करा. झाड कसं काढलंय ते नका बघू, किती वाजलेत ते ओळखता येतंय का बघा.

रामतीर्थच्या धबधब्याबद्दल थोडंसं, कारण सगळे तिथंच जातात. धबधब्याचा पांढरा रेशमी फोटो उन्हात होत नाही. ढगाळ सकाळ लागते, मोबाईल दगडावर किंवा ट्रायपॉडवर स्थिर लागतो आणि अर्ध्या-एका सेकंदाचा शटर लागतो. नदी भरून चालली असेल तर तेही नको, काठावरूनच बघा. हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरातून येते, आजऱ्यात ऊन असताना वर ढग फुटलेला असू शकतो. शेवाळलेल्या कातळावर चप्पल घालून मागं सरकत सेल्फी काढणारे बघितले की मला तिथून निघून जावंसं वाटतं.

दुसरा धोका आपल्या भागाचा खास आहे. फोटोची उत्तम वेळ आणि गव्याची बाहेर पडायची वेळ एकच, तांबडं फुटताना आणि दिवेलागणीला. गेली काही वर्षं तालुक्यात हत्तीही वावरतोय. उसाच्या फडाच्या आणि काजूच्या बागेच्या कडेनं अंधारात एकटं जाऊ नका, गावातल्या माणसाला विचारून जा. तो फिरकू नको म्हणाला तर फोटो राहू द्या. आजरा-भुदरगडचं जंगल आता संवर्धन राखीव आहे, तिथं ड्रोन उडवायचा तर आधी वनखात्याची परवानगी काढा. आणि सड्यावरच्या फुलांत लोळून फोटो काढू नका, पुढच्या वर्षी तुम्हालाच लागणारेत ती.

आता मागणं. तालुक्यातल्या प्रत्येक गावात, मग ते पावसानं झोडपलेलं किटवडे असो की कोरडं उत्तूर, कुणीतरी एकानं वर्षभर एकच डोंगर धरावा. आपल्या घरातून, शेतातून, एसटीच्या थांब्यावरून जो दिसतो तोच. उभं राहायची जागा ठरवा, तिथं एक दगड ठेवा, म्हणजे दर वेळी पाय तिथंच पडतील. महिन्यातून दोनदा, एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. वर्षाचे चोवीस फोटो होतात. चांगले आले पाहिजेत अशी अट नाही. तारीख आणि वेळ मात्र लिहून ठेवा. ते फोटो घेऊन दुकानात या, आपण टेबलावर मांडू. कुठल्या महिन्यात ऊन कुठल्या सोंडेवर येतं, धुकं कुठवर चढतं, वणव्यानं कुठला उतार काळा झाला, कुठली झाडी गेली, हे सगळं त्यात निघेल. तुमच्या डोंगराची अशी वही आज कुणाकडंच नाही.

सुरुवात आज संध्याकाळीच करता येईल. उन्हं कलली की त्या दगडापाशी उभे राहा आणि सूर्य कुठल्या झाडामागं, कुठल्या खिंडीत उतरतोय ते बघून ठेवा. हात लांब करून मूठ धरा, एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. जूनच्या शेवटच्या पंधरवड्यात तो ऐन पश्चिमेच्या अडीच मुठी उजवीकडं बुडेल, डिसेंबरात अडीच मुठी डावीकडं. या पाच मुठींच्या पट्ट्यात तुमच्या डोंगराची कुठली खाच येते ते शोधा. ज्या दिवशी सूर्य नेमका त्या खाचेत उतरेल ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरावर खूण करून ठेवा. आज मोबाईल घरी राहिला तरी चालेल.